खिम्याला गार, पुरणाला गरम

स्टँड मिक्सर (कणीक मळायचं, मिश्रण फेटायचं ओट्यावरचं यंत्र) घेतलेल्या बऱ्याच मराठी घरांत त्याचं काम केकचं मिश्रण आणि फार तर पोळ्यांची कणीक एवढ्यावरच थांबतं. आमच्याकडेही, इथे न्यूजर्सीतल्या एडिसनला, बरीच वर्षं तसंच होतं. मग नोव्हेंबर २०२४मध्ये त्याला लावायचा धातूचा ग्राइंडर, म्हणजे जाळीतून खिमा काढायचं यंत्र, घ्यायचं ठरवलं आणि चैत्रापर्यंत त्यातून खिमा, पुरण, वाटली डाळ असं सगळं काढून झालं. सुरुवातीला विचारायला गेलो तर इथले शेजारी फक्त सॉसेजबद्दल बोलत होते आणि आपली माणसं 'पुरण मस्त होतं' एवढं सांगून मोकळी होत होती. मस्त होतं म्हणजे नेमकं कसं, कोणत्या जाळीतून, गरम की गार, हे कुणी सांगेना. म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतोय.

आमचा मिक्सर किचनएडचा, पाच क्वार्टचा (साधारण पावणेपाच लिटरच्या भांड्याचा), डोकं मागे कलणारा. त्याच्या पुढच्या बाजूला एक गोल झाकण असतं. ते उघडलं की आत चौकोनी खाच दिसते. जोडायची सगळी यंत्रं तिथेच बसतात. ही जोडणी कंपनीने १९३७पासून बदललेली नाही, त्यामुळे मिक्सर आजीच्या काळातला असला तरी आजचा ग्राइंडर त्याला बसतो. ग्राइंडर घेण्यापूर्वी मला हीच मोठी शंका होती. ती मिटली आणि दुसरी सुरू झाली: कुठला घ्यायचा?

बाजारात तीन प्रकार दिसले. एक कंपनीचाच पांढऱ्या प्लॅस्टिकचा, दुसरा कंपनीचा धातूचा आणि तिसरा इतर ब्रँडचे 'ऑल मेटल' म्हणून निम्म्या किमतीत मिळणारे. मी आधी तिसऱ्या प्रकारातला मागवला. ४५ डॉलर अधिक कर. ११ नोव्हेंबरला आला. दिसायला चकाचक, वजनाला मात्र संशय येण्याइतका हलका. साबणाने धुऊन पांढऱ्या पेपर टॉवेलने आतून पुसला तर टॉवेलवर करडा पट्टा. पुन्हा धुतला, पुन्हा पट्टा. अॅल्युमिनियमचं हे नेहमीचंच आहे. पॉलिश किंवा लेप नीट नसेल तर वरचा थर हाताला, कपड्याला लागत राहतो आणि डिशवॉशरच्या क्षारयुक्त साबणात घातला तर सगळं भांडं काळवंडतं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, हे नॉर्मल आहे, काही वेळा वापरलं की थांबेल. असेलही, पण मला माझ्या जेवणातून ते थांबवायचं नव्हतं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. विक्रेत्याशी 'हे नॉर्मल आहे की नाही' यावर वाद घालत बसू नका. तेवढ्यात परत करायची मुदत निघून जाते. मी दुसऱ्याच मेलमध्ये फक्त परतीचं लेबल मागितलं, मूळ खोका, थर्मोकोल, अगदी त्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही जपून ठेवल्या होत्या त्यात भरलं आणि पार्सल सोडल्याची पावती घेतली. त्या पावतीचा उपयोग झाला, कारण माल पोचलाच नाही असं त्यांचं म्हणणं आलं होतं. पावतीवरचा क्रमांक पाठवल्यावर २२ नोव्हेंबरला पैसे जमा झाले. कराची रक्कमही परत आली की नाही ते तपासून घ्या.

२९ नोव्हेंबरला ब्लॅक फ्रायडे होता. कंपनीचा धातूचा ग्राइंडर सेलमध्ये ९९.९९ डॉलरला मिळाला. न्यूजर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे एकूण १०६.६१. बायको म्हणाली, "एवढ्यात खाटकाकडून वर्षभराचा खिमा आला असता." वर्षभराचा नसता आला, पण मुद्दा बरोबर होता.

पेटी ५ डिसेंबरला दारात आली आणि तशीच पडून राहिली. मार्गशीर्ष लागला होता. आई ऑक्टोबरअखेरपासून आमच्याकडे होती आणि तिचे मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरात महिनाभर मटणाचं नाव नाही. ५ तारीख नेमकी गुरुवारची. तेव्हा पेटी उघडली, सगळं धुतलं, जोडून पाहिलं आणि परत ठेवून दिलं. हा कोरा सराव फार उपयोगी पडला. मटण ओट्यावर गरम होत असताना सूचनापत्र वाचायची वेळ आली नाही.

जोडणी अशी. मुख्य नळकांडं म्हणजे बॉडी. तिच्यात आतला मोठा स्क्रू सरकवायचा. स्क्रूच्या टोकाला चौकोनी दांडी असते, त्यावर चार पाकळ्यांचं पातं बसतं. पात्याची सपाट, धारेची बाजू बाहेर, म्हणजे जाळीकडे आली पाहिजे. त्यावर जाळी, जाळीच्या खाचा बॉडीच्या उंचवट्यांत बसवून. शेवटी रिंग, हाताने घट्ट करायची, पाना लावून नाही. मग मिक्सरच्या बाजूचा गोल नॉब सैल करून दांडा खाचेत घालायचा. चौकोनात चौकोन बसेपर्यंत बॉडी थोडी डावी-उजवी फिरवावी लागते. बसली की नॉब आवळायचा. वर मोठा ट्रे आणि ढकलायला दट्ट्या. बोटं, चमचा, लाटणं यांपैकी काहीही त्या नळीत घालायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर हे आधी त्यांना सांगा.

जाळ्या तीन: बारीक ३ मिलिमीटर, मध्यम ४.५ आणि जाड ८. वेग सगळ्यालाच ४.

मार्गशीर्ष संपला, नवीन वर्ष उजाडलं आणि ११ जानेवारीच्या शनिवारी खिम्याचा मुहूर्त लागला. ओक ट्री रोडच्या बाजूला एक हलाल दुकान आहे. तिथून बकऱ्याचा खांदा हाडाशिवाय घेतला. पौंडाला दहा डॉलरच्या आसपास पडला. दुकानदार खिमा करूनच देतो म्हणत होता, पण त्याच्या यंत्रातून आधी काय गेलंय ते आपल्याला कळत नाही आणि हाडाचा कण दाताखाली आला की जेवणाची मजा जाते.

घरी आल्यावर मटण धुतलं (आईच्या घरात न धुतलेलं मटण शिजत नाही, मग घर एडिसनमधलं का असेना) आणि पेपर टॉवेलने अगदी कोरडं केलं. मग खरा वेळ गेला तो साफ करण्यात. खांद्यात पांढरे चिवट पडदे आणि शिरा असतात. त्या राहिल्या तर स्क्रूमागे पुढे सरकतात, पात्यावर दोरा गुंडाळावा तशा गुंडाळल्या जातात आणि पुढचं मटण कापलं न जाता चेपलं जातं. चरबी मात्र सगळी काढू नका, ती नसेल तर खिमा कोरडा होतो. इंचाएवढे तुकडे केले, ट्रेवर एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरले आणि फ्रीझरमध्ये ठेवले. अर्ध्या तासाने तुकड्यांच्या कडा कडक झाल्या, आतून मऊच. बॉडी, स्क्रू, पातं, जाळी हे सगळंही फ्रीझरमध्येच होतं, त्याच्याही आधीपासून.

धातूचा ग्राइंडर का घ्यायचा याचं उत्तर मला इथे मिळालं. घासल्यामुळे उष्णता तयार होते. चरबी वितळायला लागली की ती मांसात न राहता त्याच्यावर पसरते आणि जाळीतून मोकळे दाणे येण्याऐवजी गुळगुळीत, करड्या रंगाचा लगदा यायला लागतो. गार केलेला जाड धातू बराच वेळ गार राहतो, ती उष्णता शोषून घेतो. फ्रीझरमधून काढल्यावर बॉडीला हात लावला तर बोटं चिकटतील अशी गार होती, बाहेरून दव जमत होतं. मिक्सर वेग ४ वर चालू करून तुकडे एकेक सोडत गेलो. दट्ट्या जेमतेम लागला, स्क्रूच आत ओढून घेतो. आधी जाड जाळीतून सगळं काढलं, मग तेच मध्यम जाळीतून. ८ मिलिमीटरमधून आलेला खिमा लाल-पांढरे दाणे वेगळे दिसतील असा होता, मसाल्याच्या खिम्याला मी तो पहिलाच पसंत केला असता. दुसऱ्यांदा काढलेला कबाबाला उत्तम.

आवाज मात्र बराच होतो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर रात्री दहाला हे करू नका. मिक्सरचं डोकंही कोमट होतं, ते नेहमीचं आहे. मोठं काम असेल तर मध्ये थांबवून त्याला विश्रांती द्या.

शेवटी शेवटी स्क्रूमध्ये बरंच मटण अडकून राहतं. त्यावर युक्ती म्हणजे पावाचा एक स्लाइस वरून सोडायचा. जाळीतून पांढरा पाव दिसायला लागला की मटण संपलं. तो पाव खिम्यात मिसळला तरी कबाबाला चांगलाच. घरचा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावरच असतात, खिमा केल्यावर ते सगळीकडे पोचतात. म्हणूनच इथले सरकारी नियम खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवायला सांगतात. आपल्या पद्धतीने परतून, पाणी घालून वाफेवर शिजवला तर त्याची काळजी नाही. कबाब भाजताना मात्र थर्मामीटर टोचून बघतो.

धुताना पातं आणि जाळ्या हातानेच धुवा, लगेच कोरड्या करा आणि फूड ग्रेड मिनरल ऑइलचा बोटाने पातळ हात फिरवून ठेवा. नाहीतर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. जेवायचं तेल लावू नका, ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि त्याला वास येतो. मी बॉडीसुद्धा डिशवॉशरमध्ये घालत नाही. पहिल्या ग्राइंडरचा टॉवेल अजून डोळ्यांसमोर आहे.

मग आली होळी. १३ मार्चला गुरुवार होता, म्हणजे ऑफिसचा दिवस, म्हणून ९ तारखेच्या रविवारी पाव किलो डाळीवर चाचणी ठरली. ओट्यावर ग्राइंडर पाहून आईने विचारलं, "अरे, ह्यात तू मटण घातलं होतंस ना?"

"आई, उकळत्या पाण्याने धुतलंय. नंतर सोडा, व्हिनेगर, सगळं झालंय."

"धुतलं असशील रे. पण मला ठाऊक आहे ना. नैवेद्याला नाही चालायचं."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. तोडगा तिनेच काढला. तिने येताना तुळशीबागेतलं हाताने फिरवायचं स्टीलचं पुरणयंत्र बॅगेतून आणलं होतं. नैवेद्याच्या पाच पोळ्यांचं पुरण त्यातून निघेल आणि बाकी आपण खायचं ते 'तुझ्या त्या कारखान्यातून'. ज्यांच्याकडे हा प्रश्न जास्त कडक आहे त्यांनी पुरणासाठी वेगळा ग्राइंडरच ठेवावा. जाळ्या आणि पातं वेगळं घेऊन भागत नाही, कारण बॉडी आणि स्क्रू तेच राहतात.

हरभऱ्याची डाळ तीन तास भिजवून कुकरला शिजवली, कट निथळून आमटीला बाजूला ठेवला. डाळीइतकाच गूळ घालून आटवायला घेतलं. उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद. इथपर्यंत सगळं आईच्या देखरेखीखाली. पुढे मला एक गोष्ट पाहायची होती. अर्धं पुरण गरम असतानाच वाटायचं आणि अर्धं गार होऊ द्यायचं.

गार झालेलं पुरण ग्राइंडरला अजिबात आवडलं नाही. गूळ घट्ट झालेला, त्यामुळे नळीतून खाली सरकेना, दट्ट्याने दाबलं की स्क्रूभोवती गच्च बसे आणि मिक्सरचा आवाज जड व्हायला लागला. जाळीतून जे आलं ते ठिसूळ वळ्यांसारखं, फुटलेलं. गरम पुरण मात्र सुरळीत आलं, आणि त्यातही एक बारकावा आहे. पहिल्या दोन-तीन चमच्यांना थंडगार धातू लागतो, तिथेच गूळ आळतो आणि पहिला घास अडकतो. म्हणून बॉडी, स्क्रू, पातं, जाळी पातेल्यात कडकडीत पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली, चिमट्याने काढून पुसली, हातात जाड फडकं घेऊन जोडली आणि लगेच पुरण सोडलं. धातू जसा गारवा धरून ठेवतो तसा गरमपणाही धरून ठेवतो. जानेवारीत फ्रीझर, मार्चमध्ये उकळतं पाणी, यंत्र तेच. प्लॅस्टिकच्या बॉडीत हे दोन्ही इतकं चांगलं साधत नाही, असं माझं मत झालंय.

मऊपणाबद्दल खरं सांगायचं तर ३ मिलिमीटरची जाळी पुरणयंत्राच्या जाळीपेक्षा जाडच आहे. एकदा काढलेल्या पुरणात डाळीचे दाणे लागतात आणि पोळी लाटताना फुटते. आधी मध्यम जाळी, मग बारीक, आणि बारीकमधून पुन्हा एकदा काढल्यावर आईने दोन बोटांत चोळून पाहिलं आणि "चालेल" म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. दुसऱ्या फेरीला पुरण थोडं निवलेलं असतं, तेव्हा पातेल्यात परत गरम करून घ्या. वेलदोडा-जायफळाची पूड सगळं वाटून झाल्यावर घाला.

पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. त्या दिवशी मित्रमंडळी जेवायला, म्हणून दोन किलो डाळीचं पुरण. कणीक त्याच मिक्सरमध्ये मळून ठेवली होती, ग्राइंडर लावायच्या आधी. हा क्रम पाळा. वाटणाचं काम झाल्यावर मोटर तापलेली असते, तेव्हा तिच्याकडून घट्ट कणीक मळून घेऊ नये. इतक्या पुरणाला हाताच्या यंत्रावर दोन माणसांचे खांदे गेले असते. इथे एकाने सोडायचं, दुसऱ्याने परात धरायची, बस. आत अडकलेलं वाटीभर पुरण मात्र पावाने ढकलू नका, रिंग उघडून सुरीच्या मागच्या बाजूने खरवडून घ्या. त्यावर आमच्याकडे भांडणं झाली.

जेवणानंतर दोघींनी विचारलं, पोळ्या विकता का. विकत नाही. पण कुणाच्या मनात असेल तर न्यूजर्सीत घरच्या स्वयंपाकघरातून खाद्यपदार्थ विकायचा परवाना ऑक्टोबर २०२१पासून मिळतो. फी १०० डॉलर, मुदत दोन वर्षं, आणि अन्नसुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. फ्रिजबाहेर टिकणारे ठरावीक पदार्थच त्यात बसतात. खिमा वगैरे मांसाचा प्रश्नच येत नाही. पुरणपोळी त्या यादीत बसते का हे अर्ज करण्याआधी आरोग्य खात्याला लेखी विचारा, फोनवरच्या उत्तरावर पैसे भरू नका.

आईला आता हा ग्राइंडर सांगलीला न्यायचा होता. इथला मिक्सर १२० व्होल्टचा, तो भारतात २३० व्होल्टवर सरळ लावला तर जळेल आणि ट्रान्सफॉर्मर ठेवायचा म्हणजे ओट्यावर आणखी एक धूड. पण ग्राइंडरमध्ये वीजच नाही, तो नुसता दांड्यावर फिरतो. तेव्हा भारतात घेतलेल्या किचनएडला इथला ग्राइंडर चालतो. तो नेताना चेक-इन सामानात टाका, पातं हँडबॅगेत ठेवू नका. आमच्या बाबतीत मात्र सांगलीच्या घरात मिक्सरच नाही, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

जायच्या आधी, १९ एप्रिलला, चैत्रातलं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ करायची होती. माझ्या मते या यंत्राचं सगळ्यात चांगलं काम तेच. आपल्या नेहमीच्या मिक्सरच्या भांड्यात भिजवलेली डाळ वाटताना पाणी घालावंच लागतं, नाहीतर पातं नुसतं फिरत राहतं. पाणी घातलं की डाळ पिठूळ होते. ग्राइंडरला पाणी लागत नाही. चार-पाच तास भिजवलेली डाळ चाळणीत पूर्ण निथळवली, फडक्यावर पसरली आणि मध्यम जाळीतून एकदाच काढली. मोकळी, रवाळ, पाट्यावर वाटावी तशी डाळ आली. हिरव्या मिरच्याही डाळीबरोबरच सोडल्या, म्हणजे त्या सगळीकडे सारख्या लागतात. कैरी मात्र किसणीवरच किसा. ग्राइंडरमधून काढली तर तिचं पाणी नळीत साठतं, वर ट्रेपर्यंत येतं आणि डाळ ओली होते. कांद्याचंही तेच. टोमॅटो तर घालूच नका.